बादूमामांचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे. घानाच्या दूरचित्रवाणीचा इतिहास मला वगळून लिहिता येणार नाही. तसा तो लिहायला अजून कोणी घेतलेला नाही.

कुमासीच्या बाजारातून अकोटोच्या आईनं आम्हा भावंडांना घरी आणलं. बाकीचे अकोटोच्या हातून फुटले. मी उरलो, म्हणून त्यानं मला रंगमंचावर नेलं.

अकोटो तेव्हा गावोगावी नकला करायचा. सगळ्यांत गाजली ती त्याच्या सख्ख्या मामांची. बादूमामा दरबारात राजाचा शब्द लोकांना सांगायचे. आमच्याकडे राजा थेट बोलत नाही. तो हळूच काही म्हणतो आणि मामांसारखा जाणता माणूस ते सजवून, गोड करून पोचवतो. "राजे म्हणाले, हं!" असं ओरडून अकोटो लांबलचक भाषण ठोकायचा आणि दम लागला की मला घटाघटा रिकामा करायचा. लोक हसून लोळायचे.

मामांच्या कानावर ते गेलंच.

"माझी खुशाल टर उडव," ते म्हणाले. "पण तू राजाच्या शब्दाची उडवलीस. आजपासून तुझ्या हातचं पाणी मला नको."

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग येण्याचं कारण विचारतात. पाणी नाकारलं म्हणजे माणूसच नाकारला.

पुढे अकोटो राजधानीत, अक्राला जाऊन दूरचित्रवाणीवर गप्पांचा कार्यक्रम करू लागला. प्रत्येक पाहुण्याला तो माझ्यातून पाणी द्यायचा. "घ्या मंत्रीसाहेब, बाटलीतलं आहे. नळाला तुमच्या कृपेनं येत नाही!" टाळ्या त्याला मिळायच्या, धुतला मी जायचो. पण प्रत्येक सणाला तो मामांना निरोप धाडायचा आणि उत्तर आलं नाही की मला उगीच पुसत बसायचा.

शेवटी त्याच्या आईनं भावाची विनवणी केली. मामा कार्यक्रमाला आले. खूप थकले होते. अकोटोनं आदल्या दिवशी पाठ केलेले विनोद जागच्या जागी विरले. उजव्या हातात त्याचे कागद होते, आणि त्यानं मला पुढे केलं ते डाव्या हातानं.

प्रेक्षकांत एक बाई "अगं बाई!" म्हणाली. वडीलधाऱ्याला डावा हात! अकोटोला ते कळलं, आणि ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं त्याला एक शब्द सुचेना.

मामा काठीवर रेलून उठले. दरबारात वळावं तसे लोकांकडे वळले.

"मंडळी, माझा भाचा म्हणतोय, उजव्या हातानं मी जन्मभर मामांची नक्कल केली. तो हात त्यांच्या पाण्याला लावायची मला लाज वाटते."

मग ते अकोटोला हळूच म्हणाले, "असंच ना रे, गाढवा?"

अकोटोनं नुसती मान डोलावली. मामांनी मला ओठाला लावलं आणि तळापर्यंत रिकामं केलं. माझ्या काठावर त्यांचे ओठ कापत होते, हे फक्त मला ठाऊक आहे.

मित्रांनो, काचेला जपा, मामांना जपा. दोघांनाही तडा गेला की सांधायला फार वेळ लागतो.

मामांच्या छातीवरचा माईक कोणी चालूच केला नव्हता. चित्रीकरणात त्यांचा एक शब्द ऐकू येईना, डावा हात तेवढा स्वच्छ दिसत होता. म्हणून तो भाग कधी दाखवला नाही. त्याऐवजी फुटबॉलचा जुना सामना लावला.