डॉक्टरबाई बसतात ते स्टूल

मी स्टूल बोलतोय. लहान मुलांच्या वॉर्डातलं, गोल बैठकीचं, तीन पायांचं. वेल्डिंगवाल्याने मला घाईत जोडलं, म्हणून मी जन्मापासूनच जरा लंगडा. आधी औषधांच्या खोलीत होतो. वरच्या फळीवरचे खोके काढायला लोक माझ्यावर चढत. मग वॉर्डात या मोठ्या डॉक्टरबाई आल्या आणि माझं नशीब फळफळलं, असं मला वाटलं.

बाकीचे डॉक्टर उभ्या उभ्या बोलून पुढच्या खाटेकडे सटकतात. या बाई मला पायाने ओढतात, बसतात, आधी पोराशी बोलतात, मग आईबापांशी. एकच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी कपाळाला आठी नाही. सिस्टर सुई आधी बाहुलीला टोचून दाखवते. मावशी चादर बदलता बदलता उपाशी आयांना दटावून जेवायला पिटाळते. सख्खी माणसं एवढं करत नाहीत, असं घरी जाणारा जो तो म्हणतो. खरंच आहे ते.

खिडकीजवळच्या खाटेवर सात महिन्यांची मुलगी होती. तिची आई शिकलेली. ताप वहीत लिहून ठेवायची आणि बरोबर लिहिलाय ना, म्हणून पुन्हा सिस्टरलाच विचारायची. अकरा दिवसांत तिने एक गोष्ट ताडली. घरी जाणाऱ्या पोरापाशी बाई दोन मिनिटं टेकतात. शेजारच्या खाटेपाशी मात्र अर्धा तास बसल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी झाली.

मुलीच्या शेवटच्या तपासण्यांचे कागद आले, त्या सकाळी आईने मला उचललं, खाटेखाली ढकललं आणि पुढे पिशव्या रचल्या. मावशीने पाहिलं. तिनेच एक पिशवी नीट सरकवून दिली.

डॉक्टरबाई आल्या. इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. मग आईलाही खाली बसावं लागलं.

औषध लागू पडत नाही, यापुढे पडणारही नाही, हे बाईंनी आडवळणं न घेता सांगितलं. आईने वही उघडली. लिहिलं काहीच नाही.

"माझंच चुकलं ना? दोन दिवस उशिरा आणलं मी."

"नाही. पहिल्या दिवशी आणलं असतंत, तरी मी हेच सांगितलं असतं."

"तुम्ही बसला नसतात तर बरं झालं असतं."

"हो," बाई म्हणाल्या. "तिला दुखू देणार नाही. तेवढंच आहे आता माझ्या हातात."

पाऊण तास त्या तिथून हलल्या नाहीत. दिलेला शब्दही पाळला. चौथ्या दिवशी मुलगी आईच्या मांडीवर गेली, न कण्हता. निघताना आई एकेकाला भेटली, तुम्ही फार केलंत म्हणाली. ते ऐकून कुणालाच बरं वाटलं नाही.

मी अजून इथेच आहे, रोज ओढला जातो. मला पाहून घाबरू नका, असं सांगणार होतो. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? घाबरा. फक्त मला लपवू नका. बाई जमिनीवर बसायच्या त्या बसतातच, आणि या वयात उठायला त्यांना, जिला ते सांगितलं त्याच आईचा हात धरावा लागतो.