वरची बांगडी

शिळेवाडीतल्या बायकांची नावं पीरमहंमद मणेर अधूनमधून विसरायचा, पण हात कधीच विसरला नाही. कुणाचा हात दोन चारच्या मापाचा, कुणाचा दोन सहाच्या, कुणाच्या अंगठ्याखालचं हाड आडवं येतं, कुणाला साबण लावल्याशिवाय बांगडी चढत नाही, हे त्याला वॉर्डातल्या मतदार यादीपेक्षा पक्कं पाठ. पिरंगुटच्या बाजारात त्याचं छोटं दुकान होतं आणि सणासुदीला तो पेटी घेऊन गावातच बसायचा. डझनभर बांगड्या भरून झाल्या की आणखी एक चढवायचा, फुकटची. तिला सगळे वरची बांगडी म्हणायचे. ती न घेता उठलेली बाई गावात नव्हती, आणि ती न देता पीरमहंमदाने कुणाचा हात सोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गावात सगळ्यात लहान हात त्याच्याच घरात होता. त्याची बायको हसिना. दोन दोनचा हात, दहा-बारा वर्षांच्या पोरीचा असावा तसा, पण हाडं मात्र कुणाचं न ऐकणारी. तिला बांगड्या भरणं म्हणजे त्या दोघांतलं वर्षानुवर्षं चाललेलं भांडण. तो तिचा अंगठा तळव्यात दुमडायचा, वरून स्वतःच्या अंगठ्याने असा दाबायचा की ती कळवळायची.

"अवो, मोडताय का हात? झालं का न्हाई?"

"झालं, झालं," तो म्हणायचा, आणि तेव्हा बांगडी जेमतेम बोटांवर आलेली असायची.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि त्यांच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव निघाली. हसिनाला उभं करायचं हे पीरमहंमदाच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. ओढ्यावर साकव हवा, पावसाळ्यात पोरांना दप्तरं डोक्यावर घेऊन जावं लागतं, हे तो दुकानात बसल्या बसल्या बोलायचा. बोलता बोलता त्यानं अर्जच भरून टाकला. हसिना म्हणाली, "बोलायचं तुमी, मी निस्ती हात जोडणार." तसंच झालं. तो दारोदार बोलला, ती मागे उभी राहून हात जोडत राहिली. समोर गोजराबाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा जुना पुढारी, घरापुढे कायम चार मोटारसायकली. सगळे म्हणत होते, मणेरीण आपटणार.

या प्रचारात पीरमहंमदाने एक गोष्ट केली, आणि तिच्यावरून बायकांनी त्याला फैलावर घेतलं. त्यानं वरची बांगडी बंद केली.

"व्वा रं पीरूभाई! मत मागतोयस आन् वरची बांगडी बंद?"

"आचारसंहिता हाय, माई. आत्ता दिली तर ती लाच व्हती. निकाल लागू द्या. हसिना येऊ दे न्हाईतर पडू दे, तुमच्या दारात येऊन जिची तिला देतो. शब्द हाय माझा."

आणि शब्द नुसता तोंडचा ठेवला नाही. मतदानाच्या आधीच पुण्याला रविवार पेठेत जाऊन हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आला. वॉर्डातल्या प्रत्येक बाईला एक, जिच्या तिच्या मापाची. खोक्यात कागदाच्या घड्यांमध्ये लावून ते खोकं त्याने कपाटावर ठेवलं. हसिना म्हणाली, निकालाआधी एवढी घाई कशाला? तो म्हणाला, "निकालानंतर मला टाईम कुटं? सदस्यीणबाईंचा ड्रायव्हर हुयाचं हाय मला."

हसिना निवडून आली. गुलालाने घराचा उंबरासुद्धा लाल झाला. त्याच आठवड्यात एका सकाळी पीरमहंमद दुकानाचं शटर अर्धं वर करून पायरीवर टेकला, आणि उठलाच नाही. त्याला शेवटची आंघोळ घालताना शाकिरला, त्याच्या मुलाला, बापाच्या कानामागे गुलाल सापडला. हे त्याने आईला फार नंतर सांगितलं.

हसिना इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस नवऱ्याच्या दुःखात घराबाहेर पडायचं नाही, ही रीत. हातातल्या बांगड्या तिनं स्वतःच उतरवल्या. चढवायला जेवढा त्रास व्हायचा, तेवढाच उतरवायलाही झाला.

आता निवडणुकीचा एक कायदा असा आहे की जिंकलेल्याने, हरलेल्याने, ज्याचं डिपॉझिट गेलं त्यानेसुद्धा, निकालापासून महिन्याच्या आत खर्चाचा हिशेब तहसील कचेरीत द्यायचा. खर्च दहा रुपये असो की दहा हजार. हिशेब पीरमहंमदाने रोजच्या रोज लिहून ठेवला होता. फक्त हसिनाची सही राहिली होती आणि पौडला नेऊन देणं राहिलं होतं. शाकिर दोनतीनदा म्हणाला, "अम्मी, त्या कागदावर सही कर, मी देऊन येतो." ती म्हणायची, "उद्या करते."

उद्या काही झाला नाही. दुपारी घर निजलं की ती ते कागद काढून बसायची. बहिरूच्या हॉटेलातला चहा. पेट्रोल. फलकाची दोरी. त्याचं ते उजवीकडे कललेलं अक्षर. हे त्याचे शेवटचे पंधरा दिवस होते, एकेक करून लिहिलेले, आणि ते कचेरीत दिले की कुणीतरी त्यांना दोरी बांधून रॅकवर टाकणार होतं. तिला ते सहन होईना. कायद्यात अशा कारणाला जागा नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तिने काय केलं असतं, सांगता येत नाही.

मुदत गेली. गोजराबाईंनी तक्रार केली. पुण्याला जिल्हाधिकारी कचेरीत सुनावणी झाली, तेव्हा इद्दत संपली होती. वकिलाने इद्दतीचं कारण चांगलं मांडलं. साहेबही काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "पण बाई, सही तर घरी बसून करता आली असती ना? कागद मुलगा घेऊन आला असता."

हसिनाने मान खाली घातली. खरं होतं ते.

ती अपात्र ठरली. जागा रिकामी, आणि पुढची पाच वर्षं उभंही राहायचं नाही. पंचायतीच्या त्या खुर्चीवर ती एकदाही बसली नव्हती.

गोजराबाई पौडला गेल्या त्या थेट शपथ कधी घ्यायची ते विचारायलाच. पहिला नंबर बाद झाला म्हणजे दुसरा नंबर आपोआप आत, असा त्यांचा हिशोब. पेढ्यांचा पुडासुद्धा बरोबर. कारकुनाने समजावलं की बाई, ही काही शाळेची शर्यत नाही. जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक लागते, आरक्षण तेच राहतं आणि सगळ्यांनी पुन्हा मतं मागायची. पेढे तिथेच वाटून त्या घुश्शात परतल्या.

पोटनिवडणूक लागली. हसिनाच्या घरातून तिची सून समीना उभी राहिली. समीना लवळ्याला कॉलेजच्या होस्टेलची मेस सांभाळायची. पहाटे जायची, दिवेलागणीला यायची. तिला गावातली निम्मी घरं ठाऊक नव्हती. म्हणून हसिनाच तिला घेऊन फिरली, त्याच दारांवरून, त्याच क्रमाने. फरक इतकाच की आता बोलायला पुढे कुणी नव्हतं. हसिना बोलायला तोंड उघडायची आणि नकळत थोडी बाजूला सरायची, पुढच्या माणसाला जागा करून दिल्यासारखी.

बायका तिच्या मोकळ्या हातांकडे बघायच्या. मग कुणीतरी म्हणायचंच, "पीरूभाई सांगून गेल्ता, वरची बांगडी देतो म्हनून."

"हायेत माझ्याकडं. निकाल लागला की देते."

घरी आल्यावर शाकिर म्हणाला, "अम्मी, आत्ताच वाट की. अब्बांनी कबूलच केल्याली हायेत. कुनाला काय कळतंय? गोजराबाईकडं रोज जेवणावळी चालल्यात."

हसिनाने खोकं खाली काढलं. झाकण उघडलं. वरच्या कागदाखाली हिरवी काच चमकली. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. ज्या खुर्चीसाठी पीरमहंमद उन्हातान्हात फिरला, त्या खुर्चीवर त्याच्या घरातलं कुणीतरी बसलेलं तिला एकदा बघायचं होतं. आपल्या एका सहीपायी ते गेलं, हा सल तिला रात्रंदिवस खात होता. हे खोकं घेऊन आज संध्याकाळी नुसती एक फेरी मारली असती, तर गाव फिरलं असतं. तिला पक्कं माहीत होतं.

"न्हाई," ती म्हणाली आणि झाकण लावलं. "त्यांनी निकालानंतर म्हनलं व्हतं. आत्ता दिली तर ती त्यांची बांगडी र्‍हात न्हाई. माझी लाच व्हती."

"आन् समीना पडली तर?"

"तर पडंल."

समीना पडली. मतं थोडकीच कमी, पण पडली. गोजराबाईंच्या दारात फटाके वाजले, गुलाल उडाला, आणि वाऱ्यावर थोडासा हसिनाच्या उंबऱ्यावरही आला. समीना सासूजवळ येऊन बसली. म्हणाली, "अम्मी, मी कमी पडले." हसिनाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू न्हाई गं. मानूसच कमी पडला." मग दोघी रडल्या. शाकिर रुसून दुकानावर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसिना खोकं काखोटीला मारून निघाली. पहिल्या घरात तिला बघून बाईला ओशाळायलाच झालं. तिने मत कुठे दिलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं. हसिनाने काही विचारलं नाही. ओटीवर बसली, हात हातात घेतला. दोन चार. अंगठा आत दुमडायचा, तळव्याच्या कडेने बांगडी सरकवायची. एवढ्या वर्षांत तिने बघितलेलं सगळं हाताला येत होतं.

"हारलीस तरी देतीस गं?"

"जितायसाठी न्हवतीच."

घर घर करत ती अख्खा वॉर्ड फिरली. कुणी रडलं, कुणी चहा पाजला, कुणी पीरूभाईची नक्कल केली आणि सगळ्या हसल्या. प्रत्येक बांगडी बरोबर बसत होती. त्याच्या डोक्यात ते सगळे हात शेवटपर्यंत जागच्या जागी होते. तो असता तर ही करामत त्याने केवढी मिरवली असती!

गोजराबाईंचं घर शेवटी आलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, केसांत अजून गुलाल. हसिना भांडायला आली असं वाटून त्यांनी पदर खोचला.

"हात द्या, गोजराताई. दोन सहा हाय ना?"

गोजराबाई बघतच राहिल्या. "मलाबी?"

"वॉर्डातली परत्येक बाई म्हनले व्हते ते. तुमी काय दुसऱ्या वॉर्डातल्या हाय?"

गोजराबाई खाली बसल्या. बांगडी चढवून घ्यायला हात पुढे केला. चढल्यावर हात फिरवून बघत म्हणाल्या, "हसिनाभाभी, मी तक्रार केली ती..."

"ऱ्हाऊ द्या. एक सांगू? खर्चाचा हिशेब उद्याच्या उद्या पौडला देऊन या. महिना हाय म्हनून बसू नका. उद्या करू म्हनलं की ऱ्हातंय." ती उठली. "आन् साकव तेवढा करा."

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. समीना कामावर, शाकिर दुकानात. खोकं रिकामं झालं म्हणून ती कागदाच्या घड्या काढायला लागली, तर तळाच्या घडीत काच वाजली. एक बांगडी राहिली होती.

कुणाचं घर चुकलं? तिनं मनातल्या मनात पुन्हा सगळा वॉर्ड पालथा घातला. ओढ्याकडची घरं, मंदिरामागची, बौद्धवाड्यातली, टेकडीवरची. कुणीच राहिलं नव्हतं. समीनाच्या हातात तर सकाळी निघतानाच घातली होती. मग तिने ती बांगडी उजेडात धरली, आणि माप बघायची गरजच उरली नाही. एवढीशी होती. शिळेवाडीत ती घालू शकेल असा एकच हात होता.

वॉर्डातल्या प्रत्येक बाईला एक, असं तो म्हणाला होता. हसिनासुद्धा वॉर्डातलीच होती की.

हसिना भिंतीला टेकून बसली. उजवा अंगठा तळव्यात दुमडला, जसा तो दुमडायचा. डोळे गच्च मिटले, दात आवळले, दुखण्याची वाट बघत बांगडी बोटांवर चढवली.

काहीच दुखलं नाही. या वर्षभरात हात वाळून गेला होता. साबण नाही, दाबणं नाही. बांगडी हाडांवरून सरळ घसरली आणि मनगटावर जाऊन थांबली.

"एवढ्यात झालं?" हसिना म्हणाली.