टाळी सुरू कोण करतं

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची निवडणूक त्या रविवारी सकाळी होती. अध्यक्षपदाला उमेदवार एकच, प्रतापसिंह. ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की नव्या सभासदांना 'अध्यक्ष' हे त्यांचं आडनावच वाटे. यंदाही बिनविरोध निवडून यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. बाकीची कामं आपोआप होत, म्हणजे चिटणीस चारुलताबाई करत.

सभेआधी कौमुदीने एक खेळ काढला. ती शाळेत शिकवते. "यानं निरीक्षण सुधारतं, ऐकायची सवय लागते," ती म्हणाली. कोणी हरकत घेतली नाही, कारण कोणी ऐकलंच नव्हतं.

खेळ सोपा होता. एकाने बाहेर जायचं. आतल्यांनी गोलात बसून गुपचूप राजा ठरवायचा. राजा टाळ्या वाजवेल, मध्येच चुटक्या, मग मांडीवर थापा. बाकीच्यांनी तसंच करायचं, पण त्याच्याकडे टक लावायची नाही. बाहेरच्याने येऊन राजा ओळखायचा.

हेरंब बाहेर गेला. तो शहरातल्या समा भागात नुकताच राहायला आलेला, मंडळात नवा. राजा ठरवावा लागला नाही; प्रतापसिंह खुर्ची पुढे ओढून तयारच होते.

टाळ्या सुरू झाल्या. हेरंब मध्ये उभा राहून सगळ्यांच्या नजरा बघत होता. टाळ्यांच्या चुटक्या झाल्या.

"चारुलताकाकू!"

"खोटुं! चुकलास!" कौमुदी खुशीत गुजरातीत ओरडली.

चुटक्यांच्या थापा झाल्या. आता हेरंबने डोळे मिटून कान दिला. "काकूच."

"अरे, परत चुकलास! राजा प्रतापसिंहकाका आहेत."

"असतील. पण त्यांच्याकडे फक्त काकू बघतायत. बाकी सगळे काकूंकडे."

खरंच होतं ते. प्रतापसिंहांच्या भाषणात टाळी कधी वाजवायची, हे आम्हाला चारुलताबाईंच्या हातांवरून कळे. भाषण लांबलं की त्या जोरात वाजवत. आम्हीही वाजवत असू, आणि ते बसत.

"मला वाटायचं, तुम्हाला भाषण आवडतं," प्रतापसिंह म्हणाले.

"आवडतं की हो. पण चहा गार होतो ना."

मग निवडणूक. प्रतापसिंह नेहमीसारखे दोन शब्द बोलायला उठले. बोलताना त्यांची नजर चारुलताबाईंच्या हातांवर होती. बाई इतक्या ओशाळल्या होत्या की हात मांडीवरून हलेनात. थांबवायला कोणीच नाही. प्रतापसिंह मंडळाच्या इतिहासावरून पंख्यांच्या दुरुस्तीवर आले, तिथून परत इतिहासावर गेले आणि शेवटी त्यांचे शब्दच संपले.

"तर... अध्यक्षपदासाठी मी चारुलताबाईंचं नाव सुचवतो."

"अहो, काहीतरीच काय!"

स्वतःच्या नावाला बाई टाळी कशी वाजवणार? त्यांनी वाजवली नाही, म्हणून आम्हीही नाही.

मग प्रतापसिंहांनीच वाजवली. एकट्याने. आम्ही सवयीने चारुलताबाईंकडे पाहिलं. त्या प्रतापसिंहांकडे बघत होत्या. मग आम्हीही तिकडे पाहिलं आणि वाजवायला लागलो.

ते थांबले तेव्हा आम्ही थांबलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

चहा, परत उकळून का होईना, गरम मिळाला.