सोनचाफ्याचं आळं

सकाळी दूध आणायला खाली उतरली की रत्नप्रभा आधी पानं वेचायची. चारकोपच्या त्या सोसायटीच्या गेटच्या दोन्ही अंगांना दोन सोनचाफे. दोन्हींच्या खाली सडा, पण फुलांचा नाही, पानांचा. एकेक पान उचलून ती उलटंसुलटं बघायची. मध्ये हिरवं, कडा मात्र तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या करपलेल्या. टोकापासून निघालेला तपकिरी रंग कडेकडेने देठाकडे सरकत होता. गेल्या आठवड्यात पेरभर होता, आता दोन पेरं.

झाडं तिने आणि तळमजल्यावरच्या मृणालिनीने मिळून लावलेली. इमारत नवी होती तेव्हा मढच्या एका बंगल्याच्या माळ्याकडून दोघींनी दोन रोपं आणली, बोटीतून, मांडीवर घेऊन. मृणालिनी बँकेत साहेबीण, रत्नप्रभाचा नवरा गिरणीतून सुटलेला कामगार. एरवी दोघींचं काय जुळावं? पण चाफ्याने जुळवलं. मृणालिनीच्या अंबाड्यात फूल कोणाचं, तर उजवीकडच्या झाडाचं. रत्नप्रभाच्या देव्हाऱ्यात कोणाचं, तर डावीकडच्या.

पानं वेचताना रत्नप्रभाच्या ओठांवर आपोआप ओवी यायची. आईकडून जात्यावर शिकलेली चाल होती, शब्द मात्र तिचेच.

*दारीचा सोनचाफा, पानोपानी करपला,*
*कोणाची दृष्ट लागे, कोणी घाव गं घातला.*

"दृष्टबिष्ट काही नाही, रत्ना," मृणालिनी खिडकीतून म्हणायची. "त्या तावड्याचंच काम आहे हे. गाडी लावायला जागा हवीये ना त्याला. ॲसिड ओतलं असेल मुळाशी."

चंद्रप्रकाश तावडे सोसायटीचा चेअरमन. दिवाळीआधी त्याने सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, चाफ्यांच्या बुंध्यांभोवती जेमतेम वीतभर आळं सोडून. आणि मागच्या मीटिंगला सरळ म्हणाला होता, "सुकलीच आहेत तर काढून टाकू. पालिकेचा माणूस महिनाअखेर येतोय, तो बघेल. मेली असतील तर लेखी परवानगी देईल."

महिनाअखेर म्हणजे सतरा दिवस.

म्हणून त्या गुरुवारी मृणालिनीने आपल्या भाचीला बोलावलं. ऋतिका शेतीचं शिकलेली, लोकांच्या बागा सांभाळायची. आली ती चप्पल काढून थेट आळ्यापाशी बसली. पानं उजेडाला धरली, भिंग लावलं. एका फांदीची साल नखाने खरवडली. आत ओलं हिरवं दिसलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "पण दमलंय."

"झालंय काय ते सांग ना," मृणालिनी म्हणाली. "ॲसिडच ना?"

"थांब गं मावशी, लगेच पोलिसात नको जाऊस. हे बघ, डाग नाहीत, बुरशीचे ठिपके नाहीत, कीड नाही. फक्त कडा जळल्यात. म्हणजे मुळांना पाणी ओढता येत नाहीये, आणि पानाच्या टोकापर्यंत ते पोचत नाहीये. त्याची इथे दोन कारणं असू शकतात. एक, मुळं कुजलीत. हे ब्लॉक गळ्याशी आणून बसवलेत, खाली सिमेंट. हवा नाही, निचरा नाही. दुसरं, मातीत खार वाढलाय. मग पाणी असून झाडाला पिता येत नाही."

रत्नप्रभाने दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि दोन्हीची औषधं उलटी," ऋतिका बोलत होती. "मुळं कुजली असतील तर पाणी तोडायचं, माती कोरडी करायची, बुरशीनाशक ओतायचं. खार असेल तर गोडं पाणी ओतत राहायचं, धुऊन काढायचं. उलटसुलट झालं तर संपलंच. खार असताना पाणी तोडलं तर तो आणखी घट्ट होतो, आठवड्यात झाड हातचं जातं."

"मग तपासून घे माती."

"तपासायला देते, पण रिपोर्टला दहा-बारा दिवस, आणि या उन्हात झाडाकडे तेवढे दिवस नाहीत. बोअरचं पाणी घालता?"

"छे. बोअर खारा आहे म्हणून झाडांना नळाचंच घालतो."

"मग खार येणार कुठून? मुळंच कुजलीत." ऋतिका उठली, हात झटकले. "आजपासून पाणी बंद. रविवारी औषध घेऊन येते."

खार येणार कुठून.

रत्नप्रभा जिना चढून घरी आली. स्वयंपाकघरात ओट्याखाली जाड्या मिठाची पिशवी होती, तिच्याकडे बघायचं तिने टाळलं. संक्रांतीच्या सुमाराला पहिलं पान करपलं, तेव्हा तिला वेंगुर्ल्याचे सासरे आठवले होते. पावसाआधी ते माडांची आळी उकरायचे, प्रत्येक आळ्यात ओंजळ ओंजळ जाडं मीठ टाकायचे आणि म्हणायचे, माडाला मीठ म्हणजे लेकराला दूध. माड कसे तरारायचे! मग तिने दुपारी, सगळी इमारत झोपलेली असताना, एकेका चाफ्याला किलोभर मीठ घातलं. मृणालिनीला सांगितलं नाही. ती हसली असती, रत्ना तुझे गावठी उपाय, म्हणाली असती. पानं आणखी करपली तेव्हा रत्नप्रभाला वाटलं, कमी पडलं असेल. होळीला दोन-दोन किलो घातलं. वर खाऱ्या बांगड्याचं धुवण, तेही रोजचं.

तिने स्वतःची समजूत घातली. पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं. तीन किलो मिठाने एवढं मोठं झाड थोडंच मरतं? समुद्राकाठी नाहीत का झाडं? पण समुद्राकाठी चाफा कुठे होता, हे तिला आठवेना. माड होते, सुरूची झाडं होती, केवडा होता. चाफा होता तो देवळाकडे, वर डोंगरात.

शुक्रवारी आळं कोरडं पडलं. शनिवारी मातीवर पांढुरकी साय धरली. रत्नप्रभाने चपलेच्या टोकाने ती मोडली, माती वर ओढली. वरच्या फांद्यांची पानं दुपारी लोंबून गेली आणि संध्याकाळी उचललीच नाहीत. कामवाली आवाराचा केर काढताना म्हणाली, "आजी, पोतंभर निघाली आज." ओवी ओठांवर यायची, कोणी घाव गं घातला, आणि तिथेच तुटायची.

त्यात शुक्रवारीच, भाचीचं न ऐकता, मृणालिनीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'झाडांवर विषप्रयोग झाल्याचा दाट संशय आहे. ज्यांना पार्किंगची घाई आहे त्यांनी उत्तर द्यावं.' खाली तावडेचं उत्तर, 'मॅडम, पुरावा द्या नाहीतर माफी मागा.' दोघांना अंगठे पडत होते. रत्नप्रभा फोन पालथा ठेवायची, परत उचलायची.

रविवारी दहा वाजता सगळे झाडाखालीच जमले. ऋतिकाने बादलीत पाणी घेतलं, औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवायला लागली. मृणालिनी तावडेकडे न बघता त्यालाच ऐकू जाईल असं बोलत होती. तावडे छातीवर हात बांधून उभा.

"हे शेवटचं ओतायचं," ऋतिका म्हणाली, "आणि मग तीन आठवडे थेंबसुद्धा नाही."

तीन आठवडे. रत्नप्रभाला वरची लोंबलेली पानं दिसली. तिने पुढे होऊन बादलीवर हात ठेवला.

"नको ओतू, पोरी. मियाच घातलंय."

मुंबईत एवढी वर्षं काढून गावची बोली अशी चारचौघांत तोंडातून निसटली.

"काय घातलंय, काकू?"

"मीठ. जाडं मीठ. तीन-तीन किलो."

तावडेने छातीवर बांधलेले हात सोडले. मग मृणालिनी म्हणाली, "मीठ? झाडाला मीठ कोण घालतं, रत्ना?"

उत्तर तावडेने दिलं. तो कणकवलीचा. "चाफ्याक माड समाजलात काय, वयनी?" असं म्हणून तो हसला, मोठ्याने. मृणालिनीकडे वळून म्हणाला, "आमच्याकडे माडाला घालतात, मॅडम. माझा बाप घालायचा. ॲसिड नाही घालत."

मृणालिनीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती रत्नप्रभाकडे बघत राहिली. "दोन दिवस मी ह्या माणसाला चोर ठरवत होते. तू वाचत होतीस ना ते?"

"वाचत होते."

"आणि तू गप्प."

रत्नप्रभाने मान खाली घातली. मृणालिनी आत निघून गेली. दार लावल्याचा आवाज आला.

ऋतिकाने झाकण परत घट्ट लावलं. "वेळेवर बोललात, काकू," ती हळूच म्हणाली. "आता ऐका. वरची वीतभर माती काढून टाकू. ब्लॉक हातभर मागे घेऊ. खालच्या बाजूने गटारापर्यंत चर खणू, म्हणजे धुतलेलं पाणी बाहेर पडेल. आणि रोज गोडं पाणी, तासभर, मुळांतून आरपार वाहू द्यायचं. नळाचंच. बोअरचा थेंब नको."

सगळ्यांचे डोळे तावडेकडे गेले. नळाला पाणी सकाळी सहा ते सव्वासात, तेवढ्यात इमारतीची टाकी भरायची, आणि खालच्या व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडे. तासभर पाणी झाडांना म्हणजे वरच्या मजल्यांना दुपारी नळ कोरडे.

"आणि मरायचंच असेल तर?" त्याने विचारलं.

"मेलं तर मेलं," रत्नप्रभा म्हणाली. "पालिकेच्या माणसाला मीच सांगेन मिठाचं. तोवर पाणी द्या, चंद्रप्रकाश. माझ्या घराचा वाटा तोडा हवा तर."

"तुमच्या वाट्यात काय दोन झाडं न्हाणार?" तो पुटपुटला. मग चावी खिशात टाकून निघून गेला.

माती काढणं, ब्लॉक सरकवणं, चर खणणं ऋतिकाने माणसं लावून रविवारीच उरकलं. सोमवारी सहाला रत्नप्रभा पाइप धरून उभी राहिली. सव्वासहा झाले. पाइप मेल्या सापासारखा पडलेला. मग पंपाच्या खोलीतून खड् असा आवाज आला आणि पाइप फुगला. पाणी आळ्यात भरलं, थबकलं, बुडबुडे सोडत खाली उतरलं आणि किती वेळाने चरातून गढूळ होऊन बाहेर आलं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. आसवांइतकं खारट.

मंगळवारी तेच. बुधवारी मृणालिनी बाहेर आली आणि पाइपचा पीळ सोडवून आत गेली. गुरुवारी चौथ्या मजल्यावरून आरडाओरडा झाला, आमच्या आंघोळीला पाणी तुमचा बाप देणार का म्हणून. तावडे वर जाऊन काय बोलला कोणास ठाऊक. पानं गळतच होती. डावीकडचं झाड अर्धं उघडं पडलं.

नवव्या दिवशी चरातलं पाणी निवळ होतं. रत्नप्रभाने जिभेला लावलं आणि तिला काही कळेना. खारट लागतंय, की इतके दिवस खारट चाखून जिभेलाच सवय झालीय? पाणी आता थांबवलं आणि खार उरला असेल तर? नाही थांबवलं आणि मुळं खरंच कुजली तर? तिने पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा.

तावडे पंपाच्या खोलीच्या दारात उभा होता, हातात चावी. टाकी भरायची वेळ झाली होती.

"काय, बंद करू?"

"माका नाय समजत," ती म्हणाली. "तुम्ही बघा."

तो आला. धोतरवाल्या बापासारखा उकिडवा बसला, ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि बाजूला थुंकला. करपलेल्या पानांकडे एकदा बघितलं, एकदा घड्याळाकडे.

"अजून आहे खार," तो म्हणाला. "राहू दे चालू."