बारा पावलांचा अर्ज

विषय : गच्चीवरचा कंदील जिन्यापर्यंत नेण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : तिसऱ्या मजल्यावरच्या, शिवणकाम करणाऱ्या काकूंचा लेखी अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून, मी तोच कंदील बोलतोय. चार्जिंगवर चालणारा, डोक्यावर कडी असलेला. कडी धरून मला हवं तिथं न्यावं, असं खोक्यावर चित्रासह छापलं होतं. सोसायटीच्या समितीनं चित्रसुद्धा वाचलं नाही.

गच्चीवरच्या बसायच्या जागेसाठी माझी निवड झाली ती भर दुपारी. समितीचे पाच जण दुकानात आले आणि सहा ट्यूबलाइटच्या झगझगाटात आम्हा दिव्यांच्या रांगेपुढून मुलाखती घेतल्यासारखे फिरले.

"ट्यूब बंद करून दाखवू का?" दुकानदारानं विचारलं.

"कशाला? दिसतोय की चांगला," सेक्रेटरी म्हणाले.

शेजारचा दिवा माझ्या दुप्पट उजेड द्यायचा. तो बुटका म्हणून नापास झाला. मी पितळी रंगावर पास झालो. नंतर पाचही जणांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. माझा नाइलाज होता.

मी आलो म्हणून जिन्याच्या तोंडावरचा बल्ब काढून टाकला. आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींना साक्षात्कार झाला. "अहो, हा उचलता येतो! म्हणजे कुणीही उचलून नेईल!" लगेच साखळी आली, कुलूप आलं, मला खांबाला जखडलं. किल्ली सेक्रेटरींच्या खिशात.

खांबापासून जिना बारा पावलांवर, माझा उजेड तिथवर पोचत नाही. काकूंचे सासरे रोज संध्याकाळी वर यायचे. बाकावर त्यांचे दोस्त, निवृत्त पोस्टमन, वाट बघत असायचे. दोघं दिवेलागणीपर्यंत भांडायचे आणि उद्याचं भांडण ठरवून उठायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले काकूंचे सासरे, म्हणजे आमचे आजोबा, गेल्या महिन्यात उतरताना पायरी चुकले. हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पडले तर अंथरूण धरतील." काकूंनी मोबाइलचा उजेड धरून पाहिला, त्या झोतानं आजोबांचा डोळाच दिपला.

मग त्या माझ्यासमोरच सेक्रेटरींना म्हणाल्या, "भाऊसाहेब, मामंजी उतरेपर्यंत कंदील धरते, लगेच जागेवर ठेवते. किल्ली द्या."

"वहिनी, आज तुम्ही न्याल, उद्या चौथा मजला नेईल. पायंडा पडतो."

"पायंडा पडायची काळजी आहे, माणूस पडला त्याचं काय?"

"भावना समजल्या. लेखी द्या."

काकूंनी शिवणाचं मशीन थांबवून अर्ज लिहिला. त्यावर तिघांची उपसमिती नेमली गेली. उपसमितीनं सकाळी अकरा वाजता जिन्याची पाहणी केली आणि 'जिन्यावर पुरेसा प्रकाश आढळला' असा अहवाल दिला. खाली तीन सह्या, एकीपुढे शिक्षणाच्या पदव्याही.

मी विनवण्या करणाऱ्यांतला नव्हे, आणि यांच्यापुढे तर नव्हेच. तरी एवढंच सांगतो : कुणी तरी ते कुलूप उघडा आणि कडीला धरून मला बारा पावलं न्या. बाकी तुमची शोभा मी खांबावरून सांभाळेन.

सद्यःस्थिती अशी. आजोबा तीन आठवडे वर आलेले नाहीत. पोस्टमन रोज येतात, बाकाच्या एका कडेला बसतात, दुसरी मोकळी ठेवतात. त्या मोकळ्या जागेवर माझा उजेड उत्तम पडतो. अर्जावर 'पुढील बैठकीत घ्यावा' असा शेरा आहे. बैठकीची तारीख ठरलेली नाही.