पमूचा परदेश

आमचे हे नियमाला पक्के. किती पक्के, तर सुखना तलावावर फिरायला गेलो की गवतावर बसण्याआधी हे 'गवतावर बसू नये' अशी पाटी कुठे लपली नाही ना, ते बघून येतात. तोवर माझी अर्धी शेंगांची पुडी संपलेली असते. सेक्टर सतरामधल्या केंद्र सरकारी कचेरीत हे सेक्शन ऑफिसर. बदल्या होत होत चंदीगडला आलो, तेव्हा सामानाचा ट्रक पोचायच्या आधी यांनी क्वार्टरच्या भिंतीत खिळे ठोकायचा नियम विचारून घेतला होता.

अशा माणसाच्या एकुलत्या मुलीनं प्रेमविवाह केला, आणि तोही नेपाळच्या मुलाशी.

आमची पद्मिनी, म्हणजे पमू, इथल्या मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती. नरेश पौडेल तिथं डॉक्टरकीचं पुढचं शिकायला आलेला. वर्षभर तो दर रविवारी आमच्याकडे यायचा, थालीपिठावर लोण्याचा गोळा घेऊन हाणायचा आणि यांच्याशी बुद्धिबळ खेळायचा. यांना तो फार आवडायचा. हरला तरी चिडत नाही, म्हणायचे. मग एका रविवारी दोघांनी लग्नाचं सांगितलं, आणि कालपर्यंत घरचा असलेला नरेश एका वाक्यात परदेशी झाला.

"मुलगी परदेशात द्यायची नाही," हे म्हणाले आणि पट तसाच टाकून आत गेले.

लग्न आर्यसमाज मंदिरात झालं. मी गेले, यांचं पोट दुखत होतं. संध्याकाळी मी परत आले तर दुखऱ्या पोटाचा माणूस कांदाभजी तळून खात बसला होता. मी भजी ताटलीसकट उचलून नेली. त्यानंतर दोन वर्षं यांनी पमूचं नाव घेतलं नाही. बोलायची वेळ आलीच तर 'तिचं काय म्हणणं?' एवढंच. कधी न्हाणीघरातून कढत पाण्यासाठी आवाज देताना सवयीनं 'पमे' अशी हाक तोंडातून निसटायची, आणि मग आतून बराच वेळ पाण्याचा आवाजही यायचा नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर पमूचं पत्र आलं. तिला सातवा लागला होता. नरेश आता नेपाळात, सीमेजवळच्या भैरहव्याच्या इस्पितळात होता. प्रवास करू नको, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं. 'पहिलं बाळंतपण आईकडे असतं ना? मग आईनंच इकडे यावं. आणि आई, बाबांना घेऊन ये गं. मला भीती वाटते.'

मी ते मोठ्यानं वाचलं. हे वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे समोर धरून बसले होते.

"परदेश आहे तो," पेपरच्या आडून आवाज आला. "पासपोर्ट लागेल, व्हिसा लागेल, खात्याची परवानगी लागेल. अर्ज टाकतो."

अर्ज टाकतो म्हणाले, एवढ्यानंच मी हरखले. दोन वर्षांनी कुठे बर्फ वितळत होता. मनीमाजऱ्याच्या बाजारात जाऊन डिंक आणला, पंसाऱ्याला, म्हणजे तिथल्या वाण्याला, हातवारे करून अळीव मागितले, खारका कुटल्या. लाडवांचा डबा भरला. दुपट्यांना जुनी मऊ लुगडी फाडली. आणि रोज संध्याकाळी यांची सायकल फाटकातून आत आली की विचारायला लागले, "आली का हो परवानगी?"

"फाइल वर गेलीय."

आठवडे गेले. फाइल वरच.

"आणखी किती वर जायचीय? एव्हाना देवाच्या टेबलावर पोचली असेल," मी एकदा म्हटलं. यांनी मुकाट्यानं आमटी ओरपली. एरवी मी कचेरीला नाव ठेवलं की चवताळून उठणारा माणूस! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण लाडू वळताना माझं डोकं पमूपाशी असायचं.

शेवटी पौषाच्या थंडीत, एका रविवारी सकाळी शेजारच्या बीजी आल्या. बीजी म्हणजे सुभेदारसाहेबांच्या विधवा, सत्तरीच्या, आवाज पलटणीला पुरेल असा. पमूसाठी त्यांनी तुपातली पंजिरी केली होती. हे व्हरांड्यात उन्हात बसून बुटांना पॉलिश करत होते.

"अजे गई नहीं तू?" पमूचे दिवस भरत आले तरी मी अजून इथंच, म्हणून बीजींनी मला विचारलं. "कुडी दे दिन नेडे आ गए!"

"व्हिसा नहीं आया, बीजी."

"कौन सा वीसा?"

"नेपाल का."

बीजी इतक्या हसल्या की पंजिरीचा डबा मला धरावा लागला. "पुत्तर, सूबेदार साब की पलटन में गोरखे थे. छुट्टी मिली, बिस्तरा कंधे पे रखा और घर. न पासपोरट, न वीसा. इधर वाले उधर, उधर वाले इधर. ये तो भाइयों का वेहड़ा है, एक ही आँगन." मग हसू एकदम थांबलं. यांच्याकडे वळून त्या हळू म्हणाल्या, "आगाशे जी, मेरी सहेली ज़ैनब बँटवारे में उधर पाकिस्तान में, लायलपुर में रह गई. यहाँ से कितना है? पर मुझे कोई नहीं जाने देता. कोई बस इतना कह दे, जा बीजी, मिल आ. मैं तो चप्पल भी न ढूँढूँ."

पदरानं डोळे पुसून त्या गेल्या. व्हरांड्यात ब्रशाचा खसखस आवाज तेवढा राहिला. हे एकच बूट घासत होते. आधीच चकचकीत झालेला बूट.

नियमाची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारा हा माणूस. आणि याला हे माहीत नव्हतं?

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

ब्रश थांबला. "हो."

"आणि फाइल?"

"फाइल नाहीये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांच्यावर आवाज चढवला नव्हता असं नाही, पण त्या दिवशीचा आवाज बीजींनाही भिंतीपलीकडे ऐकू गेला असणार. पोर तिकडे घाबरलीय, म्हटलं, आणि तुम्ही मला खोट्या फाइलवर झुलवताय? मी उद्या निघते. एकटी. हिंदी येतं मला, हातपाय धड आहेत. तुम्ही बसा इथं नियम घासत.

मग यांनी दुसरा बूट उचलला.

"दोन तिकिटं काढतो," म्हणाले. "तुझं सामान जड आहे."

मला इतकं रडू आलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबा उघडून लाडू पुन्हा नीट रचत बसले.

लखनौ, गोरखपूर, तिथून बस करून आम्ही सोनौलीला उतरलो. वाटभर यांनी एक रेक्झिनची पिशवी छातीशी धरली होती. तिच्यात रेशनकार्ड, कचेरीचं ओळखपत्र, रजेचा आदेश, माझा शाळा सोडल्याचा दाखला, आणि कशाला कोण जाणे, विजेचं बिल. "लागत नाही, पण असावं," म्हणाले.

सीमा म्हणजे मला वाटलं होतं, मोठी भिंतबिंत असेल. तिथं रस्त्यावर एक दांडा होता, तोही वर उचललेला. त्याखालून सायकली जात होत्या, ऊस लादलेल्या बैलगाड्या जात होत्या. एक बाई शेळीला ओढत भारतात येत होती आणि शेळीची अजिबात इच्छा नव्हती. आमच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

हे दांड्याच्या अलीकडे उभे राहिले. पिशवी उघडली. मिटली. पुन्हा उघडली. कुणीतरी अडवावं, काहीतरी विचारावं, एखादा कागद कमी निघावा, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. माझा राग तिथंच विरला. दोन वर्षांनी लेकीसमोर उभं राहायचं म्हणजे काय, ते मलाच कळलं नव्हतं.

बाजूला बाकावर एक शिपाई चहा पीत बसला होता. हे सरळ त्याच्यापाशी गेले.

"सुनिए, हमारे कागज देखने हैं क्या?"

त्यानं यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कहाँ जाना है, बाबूजी?"

यांनी पिशवी मिटली. मी जवळ गेले, पण उत्तर मुद्दाम यांच्यावरच सोडलं.

"बेटी के घर," हे म्हणाले. आणि मग न विचारताच, "पद्मिनी नाम है. हम पमू कहते हैं."

"तो जाइए न," शिपाई म्हणाला आणि चहाकडे वळला. "बेटी राह देखती होगी."

यांनी माझ्या हातातला लाडवांचा डबा काढून घेतला आणि दांड्याखालून असे झपाझप चालायला लागले, की पळत जाऊन मला त्यांना गाठावं लागलं. टांगेवाल्याशी घासाघीसही केली नाही.

पमू दारातच होती. खुर्चीवर बसून उन्हात पाय सोडलेले, पावलं सुजलेली, नरेशचा स्वेटर घातलेला. आम्हाला बघून तिला पटकन उठता येईना. हे डबा घेऊन अंगणाच्या मध्यावर थबकले. तिथूनच म्हणाले,

"व्हिसा लागला नाही गं."

"मला माहीत होतं, बाबा," पमू म्हणाली. "मग दोन वर्षं का लागली?"

यांनी डबा खाली ठेवला. तिच्याजवळ जाऊन खाली वाकले, आणि तिची सुजलेली पावलं दोन्ही हातांत धरून म्हणाले,

"फाइल माझ्याच टेबलावर पडून होती, पमे."