पलकचा चौविहार

जळगावात फुले मार्केटजवळ जिनेशचं लहान बाळांच्या वस्तूंचं दुकान आहे, 'पलक बेबी शॉपी'. तिथून गिऱ्हाईक नुसतं दुपटं घेऊन बाहेर पडलंय असं कधी झालं नाही. बाळाला पाजलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढा, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, आणि मध तर मुळीच चाटवू नका, असा सल्ला बरोबर मिळायचाच. बायका एकमेकींना म्हणायच्या, "अगं, आधी जिनेशभाऊंना विचार." हे कानावर आलं की स्वारी अशी फुगायची की विचारू नका!

आणि याच शहाण्याची साडेतीन वर्षांची पलक अजून चड्डीत शू करायची. जूनमध्ये तिची नर्सरी सुरू होणार होती. डायपर चालणार नाही, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. त्याची बायको हर्षिता म्हणाली, "दर दोन तासांनी नेऊन बसवू या. न ओरडता. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता." सांगतो हो, पण स्वतःच्या घरात एवढा धीर धरायचा कोणी?

मे महिन्यातली दुपार. दुकानात गर्दी होती. धरणगावची रूपाली म्हणून एक ओळखीची गिऱ्हाईक होती, तिला जिनेश पॉटी सीट कशी वापरायची ते रंगात येऊन समजावत होता. तेवढ्यात गल्ल्याशेजारच्या स्टुलावरून पाण्याचा ओघळ फरशीवर आला. स्टुलावर पलक बसली होती. रूपाली खुदकन हसली.

झालं! जिनेशचं डोकंच फिरलं. त्यानं पोरीला उचललं आणि सरळ काउंटरवर उभं केलं. "बघा, बघा सगळे! नर्सरीत जाणार ही घोडी! घटाघटा पाणी प्यायचं आणि दुकानात सोडायचं! शेम शेम कोण?" लोक हसले. दोघी-तिघींनी गमतीनं "शेम शेम" केलंही. पलक रडली नाही. तिनं एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं, बस्स. जिनेशला वाटलं, बरं झालं, एकदाचं मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी चड्डी कोरडी. तिसऱ्या दिवशीही जवळजवळ कोरडीच. जिनेशचे पाय जमिनीवर राहिनात. येईल त्या आईबापाला तो सांगायला लागला, "चारचौघांत एकदा लाजवा हो. पोर सुतासारखं सरळ येतं."

घरी वेगळंच कौतुक चाललं होतं. जिनेशची आई कुसुमलता रोज चौविहार करायची, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. दुकानातल्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी हर्षितानं संध्याकाळी पाण्याचा पेला पुढे केला, तर पलक म्हणाली, "मला चौविहार आहे. दादीसारखा." कुसुमलताला आभाळ ठेंगणं झालं. तिनं पोरीची दृष्ट काढली, जैन स्थानकात जाऊन चार जणींना सांगितलं, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

"अहो, ती दिवसाही पाणी पीत नाहीये," हर्षिता एकदा म्हणाली. "बाटली भरलेलीच असते. परवा तर मोगऱ्याच्या कुंडीत ओतताना दिसली."

"कोरडी आहे ना? मग उगाच कटकट नको," जिनेश म्हणाला. हे त्याचेच शब्द.

पाचव्या दिवशी पारा पंचेचाळीसवर गेला. पलक सकाळपासून फरशीवर पडून होती. दुपारी उलटी झाली आणि ती डोळेच उघडेना. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. रिक्षात घालून तिघांनी तिला लहान मुलांच्या दवाखान्यात नेलं.

"शेवटचं पाणी कधी प्यायली?" डॉक्टरबाईंनी विचारलं. कोणालाच सांगता येईना. "शू कधी केली?"

"ती आता कोरडीच असते," जिनेशच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. आवाजात मोठेपणाही होता मेला.

बाईंनी पलकच्या गालावर हात ठेवून विचारलं, "बेटा, पाणी का नाही गं पीत?"

"पाणी प्यायलं की शू येते," पलक पुटपुटली. "मग पप्पा सगळ्यांना दाखवतात."

कुसुमलतानं पदर तोंडात कोंबला. "आणि मी चौविहार समजले गं बाई! पुण्य समजले!" जिनेशला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. बाई त्याला रागावल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सलाइन लावते. शू होईपर्यंत मला घोर आहे. झाली की लगेच सांगा."

तीन वाजले, चार वाजले. पलक त्याच्या मांडीवर निपचित पडली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "काय व्हयनं भाऊ पोरगीले?"

"ऊन बाधलं," तो म्हणाला. तिथंही खरं बोलायची हिंमत झाली नाही. मान खाली घालून तो देवाला विनवत राहिला, एकदा शू होऊ दे, माझ्या अंगावर होऊ दे.

पाचच्या सुमाराला मांडीला ऊब लागली. पँट भिजत गेली. जिनेश आनंदानं ओरडलाच, "झाली! हर्षिता, शू झाली! सिस्टर, पलकनं शू केली!"

अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या. कोणीतरी हसलं, बरं वाटून हसलं. पण पलक दचकून जागी झाली आणि तिला दिसली ती वळलेली तोंडं. मोकळ्या हातानं फ्रॉक ओढून ती त्याच्या पँटवरचं ओलं झाकायला लागली. "मी नाही केली. पप्पा, मी नाही केली."

पुन्हा तेच. पुन्हा सगळ्यांसमोर, त्याच तोंडानं! जिनेशनं तिला हर्षिताच्या मांडीवर दिलं आणि तो उभा राहिला. पँट पुढून गच्च भिजलेली.

"नाही, तू नाही केलीस," तो म्हणाला, आणि वॉर्डाकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "मी केली. एवढा घोडा झालो, तरी मी केली."

शेजारची बाई पदराआड हसली. दारातल्या दोघांनी डोकावून बघितलं. जिनेशचे कान तापले, हात कुठं ठेवावेत कळेना. पलक त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"पप्पा," तिनं हळूच विचारलं, "आता तुम्ही पण पाणी नाही प्यायचं?"

त्याला हुंदका आवरेना. "पितो ना बेटा, हे बघ," म्हणत त्यानं पेला तोंडाला लावला. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मग दुसरा भरून तिच्या ओठांशी धरला. तिनं आधी शेजारच्या बाईकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग एकच घोट घेतला, आणि पप्पा ओरडतायत का, ते बघत राहिली.